इंटिरियर स्टुडिओ सुरू करताय? आधी तुमची आवड कागदावर उतरवा

कोर्स झाला, दोन-चार वर्षं कुणाच्या हाताखाली काढली, आता स्वतःचा स्टुडिओ टाकायचाय, असं म्हणणारी बरीच मंडळी भेटतात आणि त्यांचा पहिला प्रश्न हमखास लोगो, ऑफिस नाहीतर इन्स्टाग्राम पेजबद्दल असतो. ते सगळं होतं हो नंतर. खरा घोळ वेगळाच आहे. तुमची नजर चांगली आहे असं धरून चालू, पण ती नजर तुमच्याकडे आहे आणि प्रत्यक्ष काम करणार सुतार, रंगारी, टाइलवाला, तुमचा ज्युनियर, आणि पैसे देणार क्लायंट. यातल्या कुणालाही तुमच्या डोक्यात डोकावता येत नाही. म्हणून मी नवीन लोकांना एकच गोष्ट परत परत सांगते, तुम्हाला जे "बरोबर दिसतंय" किंवा "खटकतंय" ते दुसऱ्याला तुमच्या गैरहजेरीत तपासता येईल अशा वाक्यात, आकड्यात नाहीतर नमुन्यात उतरवायला शिका. ज्यांना हे जमत नाही ते रोज साइटवर भांडत बसतात आणि कारागीर चांगले मिळत नाहीत म्हणून रडतात.

आता क्रमाने घेऊ. काही पायऱ्या लांबल्यात, काही दोन ओळीत आटोपल्यात, कारण सगळ्यांचं वजन सारखं नसतं.

पायरी १: टेप बाळगा आणि नावडीची यादी करा

पिंटरेस्टवर बोर्ड करून आवड तयार होत नाही, फार तर इतरांची आवड पाठ होते. फोटोत उंची कळत नाही, आवाज घुमतो की नाही कळत नाही, खुर्चीत अर्धा तास बसल्यावर पाठ काय म्हणते ते तर अजिबातच कळत नाही. त्यापेक्षा बॅगेत कायम पाच मीटरची टेप ठेवा, आणि एखाद्या जागेत बरं वाटलं की तिथल्या तिथे मोजा. लोक बघतात, बघू द्या. काही दिवसांत लक्षात येतं की बऱ्याच आरामशीर टेबलांची उंची ७५० एमएमच्या आसपास आहे, खुर्चीची सीट साधारण ४५०, म्हणजे मधे मांडीला ३०० मिळतात. सोफा आणि सेंटर टेबलात ४०० ते ४५० ठेवलं की हात पण पोचतो आणि पाय पण निघतो. जेवायच्या टेबलाच्या खुर्चीमागून कुणाला जायचं असेल तर टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत ९०० तरी लागतात, त्याहून कमी असलं की बसलेल्याला दर वेळी खुर्ची पुढे ओढावी लागते. हे आकडे पुस्तकात पण आहेत, पण स्वतः मोजलेले डोक्यात राहतात आणि ज्युनियरशी बोलताना तोंडात येतात.

दुसरं म्हणजे नावडीची यादी. "आमच्या स्टुडिओत हे होत नाही" असं शीर्षक द्या आणि प्रत्येक ओळीपुढे कारण लिहा. उदाहरणार्थ, पलंगावर आडवं झाल्यावर थेट डोळ्यात येणारा लाइट नाही, कारण उघड आहे. खऱ्या व्हिनियरला (प्लायवर चिकटवतात तो खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) खेटून लाकडाच्या छापाचं लॅमिनेट नाही, कारण दोन्ही शेजारी आले की छापील लगेच उघडं पडतं. काहीच झाकायचं नसताना सीलिंग खाली उतरवणं नाही, कारण उंची कमी होते आणि बदल्यात काही मिळत नाही. एखाद्या ओळीपुढे कारण सुचलंच नाही, तर ती तुमची अभिरुची नसून सध्याची फॅशन असण्याची शक्यता जास्त, ती ओळ पेन्सिलने लिहा. यादी पानभर झाली तरी पुरे.

इथे एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. मार्गारेटे श्युटं-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या गृहप्रकल्पासाठी एक किचन केलं, जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. त्यांनी आधी शोभा बघितली नाही, ओट्याशी काम करणाऱ्या माणसाची पावलं आणि हालचाली किती वेळ खातात याचे अभ्यास बघितले, रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर बघितलं, आणि मग फिरतं स्टूल, भिंतीतून खाली येणारा इस्त्रीचा बोर्ड, छताच्या रेलवर सरकणारा दिवा, धान्यासाठी मुठीचे ॲल्युमिनियमचे डबे असं एकेक बसवत गेल्या. अशी हजारो किचनं बनली. पुढे त्यावर टीकाही झाली, की या छोट्या खोलीत एकच माणूस मावतं आणि ते घरच्यांपासून तुटून पडतं, आणि ती टीका रास्तच आहे. पण प्रत्येक निर्णयामागचं कारण सांगता येतं म्हणूनच त्याच्यावर नीट टीका तरी करता येते. "मला असंच छान वाटलं" यावर कुणी काय बोलणार?

पायरी २: क्लायंटला विशेषणं विचारू नका

पहिल्या भेटीत क्लायंट म्हणतो, "आम्हाला मॉडर्न पण वॉर्म हवंय, थोडं हॉटेलसारखं." तुम्ही मान डोलावता आणि दोघंही वेगवेगळं चित्र डोक्यात घेऊन घरी जाता. त्याऐवजी असं काहीतरी विचारा:

"तुम्ही बाहेरून आलात की हातातली चावी कुठे ठेवता?"

"चावी... खरं सांगू का, रोज शोधतो."

झालं, दाराजवळ एक कप्पा नक्की झाला. असंच विचारत जायचं, सकाळी पहिलं कोण उठतं आणि त्याच्या लाइटने दुसऱ्याची झोप मोडते का, कपडे वाळतात कुठे, चपला-बुटांचे जोड किती (मोजायला लावा, सांगितलेला आकडा निम्मा असतो), डावखुरं कोणी आहे का, घरात वयस्कर माणूस आहे का, पुस्तकं आहेत की फक्त शेल्फचा शौक आहे. वॉर्डरोबसाठी तर कपडे टांगलेले असताना फोटो मागवा. शर्टाला साधारण एक मीटर उंची पुरते, लांब कपड्यांना दीड मीटरच्या आसपास लागते, यातलं प्रमाण चुकलं तर कितीही सुंदर शटर लावा, कपडे खुर्चीवरच पडणार.

हॉटेलसारखं म्हणणाऱ्याला विचारायचं, त्या हॉटेलच्या खोलीत नेमकं काय आवडलं? बहुतेक वेळा उत्तर येतं की सामान कमी होतं आणि लाइट मंद होता. म्हणजे त्यांना स्टोरेज आणि डिमर हवाय. हे बोलणं झालं की दोन पानांचा ब्रीफ लिहा, त्यांच्याच शब्दात, आणि त्यांना पाठवून "हो, हेच" असं लेखी घ्या. पुढे सगळ्या वादात हाच कागद कामाला येतो.

आणि नकार द्यायला शिका. घरात निर्णय कोण घेणार हे पहिल्या दोन भेटीत कळत नसेल, किंवा आधीच्या तीन डिझायनरना शिव्या घालत कोणी आलं असेल, किंवा "आधी थ्रीडी दाखवा मग फीचं बघू" असं असेल, तर सुरुवातीला काम नसलं तरी सोडा. सुरुवातीच्या दिवसात हे अवघड जातं, भाडं भरायचं असतं, मला कळतं ते. पण असं एक काम तीन चांगल्या कामांचा वेळ खातं.

पायरी ३: फी आणि करार

फी घ्यायच्या पद्धती ठरलेल्या आहेत: ठोक रक्कम, क्षेत्रफळावर, एकूण खर्चाच्या टक्क्यावर, किंवा तासावर. टक्केवारीत एक गोची आहे, क्लायंटचा खर्च वाढला की तुमची फी वाढते, त्यामुळे तुम्ही महागडा दगड सुचवलात की त्याच्या मनात पाल चुकचुकणारच. नवीन असाल तर ठोक फी घ्या आणि ती टप्प्यांवर बांधा: सही झाल्यावर, लेआउट मंजूर झाल्यावर, ड्रॉइंगचा सेट दिल्यावर, काम चालू असताना, आणि शेवटचा थोडासा हिस्सा हँडओव्हरला. शेवटचा हिस्सा मुद्दाम लहान ठेवा, कारण तो अडकण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

करारात काय येतं यापेक्षा काय येत नाही ते सविस्तर लिहा. लेआउटचे किती पर्याय, बदलाच्या किती फेऱ्या, साइटला आठवड्यात किती भेटी, मंजूर झाल्यावर मत बदललं तर वेगळी फी. दुकानदाराकडून कमिशन घेणार का, याबद्दल तर एक स्वच्छ ओळ हवीच. माझं मत विचाराल तर घेऊच नका. घेणार असाल तर क्लायंटला आधी सांगा. लपवलेलं कमिशन कधी ना कधी बाहेर येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमची निवडच वाकडी होते, जिथे कमिशन तिथला माल चांगला दिसायला लागतो.

पायरी ४: मोजमाप, आणि ते स्वतः

बिल्डरचा प्लॅन आहे म्हणून त्यावरच काम सुरू करणारे आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलणार. खोली कागदावर चौकोनी असते, प्रत्यक्षात नसते. प्रत्येक भिंतीची रुंदी तीन ठिकाणी घ्या, जमिनीलगत, मीटरभर उंचीवर, आणि वर सीलिंगजवळ. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले नाहीत तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. ओळंबा सोडून भिंत किती झुकलीय बघा. तीन, चार, पाच फुटांचा त्रिकोण टाकून कोपरा तपासायची जुनी पद्धत लेझरच्या जमान्यातही तितकीच खरी आहे. बीम कुठे खाली येतो, खिडकीचं सिल किती उंच, दार कुठल्या बाजूला उघडतं आणि उघडल्यावर स्विचबोर्ड झाकतं का, पाण्याचे आणि ड्रेनेजचे पॉइंट, ओल कुठे दिसते, सगळं फोटोसकट.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे लेव्हल लाइन. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या खोल्यांमधून, सगळ्या भिंतींवर, तयार होणाऱ्या फरशीपासून बरोबर एक मीटरवर एकच आडवी रेघ मारून घ्या, लेझरने किंवा पाण्याच्या नळीने. फरशी अजून पडलेली नसते, सीलिंग नसतं, मग प्रत्येक जण आपापल्या सोयीने कुठून तरी मोजतो, इलेक्ट्रिशियन कच्च्या जमिनीपासून, सुतार सीलिंगपासून, आणि शेवटी ओट्याची पाठ आणि सॉकेट एकमेकांत घुसतात. रेघ असली की सगळ्यांना एकच हुकूम, या रेघेपासून वर इतकं, खाली इतकं. त्या रेघेवर रंग मारायला बंदी, अगदी शेवटपर्यंत.

भिंत झुकलेली निघाली तर घाबरायचं कारण नाही, वॉर्डरोबच्या कडेला २० ते ३० एमएमची फिलर पट्टी आधीच ड्रॉइंगमध्ये ठेवा, सुतार ती भिंतीच्या आकाराने घासून बसवेल आणि शटर सरळ रेषेत राहतील. ही पट्टी ड्रॉइंगमध्ये नसली की पुट्टी नाहीतर सिलिकॉन भरून फट बुजवली जाते, आणि मग ती फट पिवळी पडत जाताना बघत बसा.

पायरी ५: लेआउट, रंग, लाइट

लेआउट आधी, मटेरियल नंतर. हे सांगायला नको खरं तर, पण दगडाच्या प्रेमात पडून त्याच्याभोवती घर रचणारे पाहिलेत म्हणून सांगते. लेआउट काळ्या-पांढऱ्यात, फर्निचरच्या खऱ्या मापांसकट मंजूर करून घ्या. मोठ्या वस्तूंची जागा पटत नसेल तर साइटवर जमिनीला मास्किंग टेप चिकटवून क्लायंटला त्यातून चालायला लावा, थ्रीडीपेक्षा जास्त समजतं आणि खर्च शून्य.

रंगाबद्दल एकच तांत्रिक गोष्ट सांगते जी नवीन लोकांना कोणी सांगत नाही. अल्बर्ट मन्सेल नावाच्या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंग मोजायची पद्धत मांडली, त्यात प्रत्येक रंगाचे तीन गुण: ह्यू म्हणजे तो कुठल्या जातीचा, व्हॅल्यू म्हणजे किती उजळ किंवा गडद, आणि क्रोमा म्हणजे किती तीव्र. आपण सगळे ह्यूवर वाद घालतो, निळा की हिरवा, आणि खोली फसते ती बहुतेक व्हॅल्यूवर. मटेरियलचे सगळे नमुने एका बोर्डवर मांडा, फोनने फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. सगळं एकाच करड्या रंगाचं दिसलं तर खोली सपाट लागणार. पाच तुकडे पाच वेगळ्या करड्यात उड्या मारत असतील तर गजबज. एक मोठा उजळ भाग, एक मधला आणि थोडंसं गडद, एवढं दिसलं की बोर्ड साधारण बरोबर आहे.

पेंटचा नमुना शेडकार्डवरून कधीही मंजूर करू नका. मोठ्या बोर्डावर दोन कोट मारा आणि तो बोर्ड वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून सकाळी, संध्याकाळी आणि रात्री लाइटखाली बघा. चार भिंतींवर गेला की तोच रंग कार्डापेक्षा जास्त चढतो. शिवाय दोन मटेरियल दुकानाच्या लाइटखाली अगदी मॅच होतात आणि घरी आणल्यावर एक हिरवट नि दुसरं गुलाबट दिसतं, हा तुमच्या डोळ्यांचा दोष नाही, याला मेटामेरिझम म्हणतात, प्रकाश बदलला की जुळणी मोडते. म्हणून जो बल्ब घरात लागणार आहे त्याच्याखालीच सोफ्याचं कापड आणि पडद्याचं कापड शेजारी ठेवून बघायचं.

बल्बचं म्हणाल तर राहत्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विन (उजेड किती पिवळट की पांढरा याचं माप), सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वर, आणि एका खोलीत सगळे एकाच केल्विनचे. हे खरेदीच्या यादीत लिहा. नुसतं "वॉर्म व्हाइट" लिहून सोडलंत तर इलेक्ट्रिशियन मिळतील ते आणेल, आणि एका सीलिंगमध्ये तीन प्रकारचे पिवळे दिसतील. सगळे दिवे एकाच स्विचवर नकोत: खोलीभर उजेडाचा एक, कामापुरता एक, भिंत किंवा चित्र उठवणारा एक, आणि जमेल तिथे डिमर. घरासाठी एवढं केलंत तरी निम्मं "हॉटेल" तिथेच झालं.

पायरी ६: ड्रॉइंग

कमीत कमी इतकं हवं: तोडफोड प्लॅन, फर्निचर लेआउट, फ्लोअरिंग लेआउट, सीलिंग आणि लाइट, इलेक्ट्रिकल पॉइंट उंचीसकट, प्लंबिंग, प्रत्येक भिंतीचं एलिव्हेशन (भिंत समोरून कशी दिसेल ते), फर्निचरचे डिटेल. प्रत्येक शीटवर तारीख आणि रिव्हिजन नंबर. नवीन रिव्हिजन साइटवर गेली की जुनी शीट स्वतःच्या हाताने परत घ्या आणि फाडा, कारण सुतार नेहमी भिंतीवर आधीच चिकटवलेल्या कागदावरूनच काम करतो.

टाइलचं सेटिंग आउट, म्हणजे पहिली टाइल कुठून आणि काप कुठे, ते तुम्ही काढायचं, गवंड्यावर सोडायचं नाही. दारातून आत शिरताना पहिली दिसणारी भिंत कुठली, तिथे पूर्ण टाइल हवी, आणि कुठल्याच कोपऱ्यात बोटभर रुंदीची काप येता कामा नये. येत असेल तर सुरुवात अर्ध्या टाइलने सरकवा. नळ, शॉवर, निश (भिंतीतला कोनाडा) हे सांध्यावर किंवा टाइलच्या मध्यावर, मधेच कुठेतरी नाही. टाइल मागवताना तुटफूट धरून साधारण १० टक्के जास्त, तिरकी नाहीतर हेरिंगबोन असेल तर १५, आणि सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत का ते उतरवतानाच बघा, नंतर आणलेल्या बॅचची शेड जुळेलच याची खात्री नसते.

कार्लो स्कार्पा या इटालियन आर्किटेक्टने व्हेरोनाच्या कास्तेलव्हेक्किओ या जुन्या किल्ल्यात म्युझियम केलं, तिथली नवी फरशी जुन्या भिंतीला भिडवलेलीच नाही, कडेला खाच सोडून थांबवलीय. वाकडी भिंत आणि सरळ फरशी, दोघींची भांडणं त्या खाचेने मिटवली. ड्रॉइंग काढताना दोन मटेरियल जिथे भेटतात तिथे थांबून हा प्रश्न विचारा: यातलं कोण पुढे, कोण मागे, मधे पट्टी का खाच का नुसता सांधा? स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) दाराच्या चौकटीला कुठे संपतं, व्हिनियरची कड कशी बंद होते, आरसा टाइलच्या वर बसतो की तिच्या पातळीत? नवख्या स्टुडिओचं काम इथेच ओळखू येतं. दगड महाग असतो आणि त्याच्या कडेला सिलिकॉनचा जाड ओघळ असतो.

पायरी ७: साइट

इथे जरा जास्त वेळ घेते, कारण सगळा दर्जा इथेच टिकतो किंवा जातो.

पहिला नियम, कुठल्याही कामाचा पहिला नग पूर्ण झाल्यावर थांबायचं. बारा शटर आहेत तर एक करा, हँडल लावा, बिजागर लावा, उघडझाप करा, तुम्ही बघा, क्लायंटला दाखवा, मग उरलेले अकरा. बाथरूमच्या टाइलचा पहिला मीटरभर भाग लावून ग्राउटच्या (सांध्यात भरतात तो मसाला) रंगासकट बघा. याला वेळ जातो अशी ओरड होते, पण तोडून परत करण्यात किती जातो ते एकदा बघितलं की ओरड थांबते.

दुसरा नियम, तपासायचं साधन साइटवर ठेवायचं. शटरच्या मधली फट घ्या. तुम्ही म्हणता "फटी एकसारख्या ठेवा", मिस्त्री म्हणतो "टेन्शन नका घेऊ मॅडम, ॲडजस्ट होईल", आणि दोघंही खोटं बोलत नसता. मी काय करते, तीन एमएम ॲक्रिलिकच्या छोट्या पट्ट्या कापून मिस्त्रीच्या खिशात देते. पट्टी प्रत्येक फटीत वरून खालपर्यंत सरकली पाहिजे आणि कुठे डुगडुगता कामा नये. अडकली तर बिजागराचा स्क्रू फिरवा, सैल झाली तरी फिरवा. पहिल्या दिवशी तो हसतो. तिसऱ्या दिवशी तोच आपल्या पोऱ्याला ओरडताना ऐकू येतो, "पट्टी लावून बघितलीस का?" आता माझ्या डोळ्याची गरज उरली नाही, आणि मला हवं होतं ते हेच. असंच ग्राउटच्या सांध्याला स्पेसर, आणि टाइल पोकळ आहे का बघायला नाण्याने टकटक. रंगकामाला भिंतीलगत आडवा धरलेला टॉर्च लावायचा, त्या उजेडात पुट्टीचे सगळे उंचवटे दिसतात.

व्हिनियरचे तख्ते प्रेस करायच्या आधी जमिनीवर ओळीने मांडायला लावा, खडूने नंबर टाका, फोटो काढा. एकाच लॉगचे, सलग कापलेले तख्ते क्रमाने लावले तर रेषा एका शटरवरून दुसऱ्यावर वाहत जाते, क्रम चुकला तर महागातलं व्हिनियर गोधडीसारखं दिसतं. लॅमिनेट शटरच्या एकाच बाजूला लावायचं नाही, आतूनही बॅलन्सिंग, म्हणजे तसाच थर, हवं, नाहीतर शटर धनुष्यासारखं वाकतं, आणि उंच शटर तर आणखीच लवकर. खऱ्या लाकडाची रुंद फळी चारही बाजूंनी घट्ट स्क्रू केली तर ती फाटणार, कारण लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने दमट-कोरड्या हवेबरोबर फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून स्क्रूची भोकं लांबट ठेवायची. आणि प्लास्टर, कोबा ओले असताना प्लाय आणि लाकूड आत आणून ठेवू नका, भिंती वाळू द्या, मग माल काही दिवस त्याच खोलीत राहू द्या.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावायच्या आधी पाणी भरून किमान २४ तास उभं ठेवा, आणि खालच्या बाजूने जाऊन बघा. कितीही घाई असली तरी यात सूट नाही. टाइल लागल्यावर बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे आपोआप जातंय का हे पण बघा, कोपऱ्यात तळं झालं तर तेव्हाच बोला.

साइट व्हिजिटनंतर त्याच दिवशी फोटोंसकट चार ओळी ग्रुपवर टाका: काय बघितलं, काय थांबवलं, कोण दुरुस्त करणार, कधीपर्यंत. तोंडी सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही, किंवा सोयीपुरतं राहतं. आणि कारागिरांशी नीट वागा. चूक दाखवताना बाजूला घेऊन बोला, चांगलं काम झालं तर सगळ्यांसमोर. त्यांचे पैसे वेळेवर निघतायत ना, यावर तुमचं लक्ष हवं, पैसे क्लायंट थेट देत असला तरी. चांगला मिस्त्री एकदा तुमच्यावर विश्वासला की तुमच्या अर्धवट ड्रॉइंगमधली चूकसुद्धा तो फोन करून सांगतो, नाहीतर तो निमूट तशीच बनवतो, कागदात होतं म्हणून.

पायरी ८: स्टुडिओच्या आतलं

एक ठरलेला दिवस, एक तास, सगळे प्रोजेक्ट भिंतीवर. ज्युनियरने स्वतःचं काम मांडायचं आणि तुम्ही "हे नाही आवडलं" असं म्हणायला बंदी, कारण सांगायचं. कारण सांगता येत नसेल तर ज्युनियरचं डिझाइन राहू द्या. ही शिस्त मालकाला जास्त जड जाते.

मटेरियल लायब्ररी छोटी ठेवा. प्रत्येक नमुन्यामागे चिठ्ठी: नाव, कोड, कोणाकडून, कधी आणला, मागवल्यावर किती दिवसात मिळतो. वर्षातून एकदा बंद झालेले फेकून द्या, नाहीतर क्लायंट नेमका त्याच्यावर बोट ठेवतो.

एका वेळी किती कामं घ्यायची? दोन-तीन जणांच्या स्टुडिओला साइटवर चालू असलेली तीन-चार खूप झाली. तुम्ही स्वतः प्रत्येक साइटला आठवड्यातून एकदा जाऊ शकत नसाल तर पुढच्याला तारीख द्या. थांबायला तयार होणारे क्लायंट असतात, आणि सहसा तेच चांगले असतात.

पायरी ९: स्नॅग (राहून गेलेल्या बारीक चुका) आणि हँडओव्हर

काम संपतंय असं वाटलं की क्लायंटच्या आधी तुम्ही एकट्याने एक फेरी मारा, रंगीत स्टिकर घेऊन. प्रत्येक ड्रॉवर उघडा, प्रत्येक स्विच दाबा, प्रत्येक नळ सोडा, पलंगावर आडवे व्हा, कमोडवर बसून समोर काय दिसतं ते बघा (हसू नका, क्लायंट रोज तेच बघणार आहे). खटकलं तिथे स्टिकर. मग यादी, नावं, तारखा. यादी संपेपर्यंत कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता सोडू नका असं क्लायंटला आधीच सांगून ठेवा.

हँडओव्हरला एक फाइल द्या: रंगांचे कोड, टाइलचे बॅच नंबर, बिजागर आणि चॅनेलचे मॉडेल, वॉरंटी कार्ड, भिंतीतल्या पाइप आणि वायरचे बंद करण्याआधी काढलेले फोटो, कुठला दगड कशाने पुसायचा आणि कशाने अजिबात नाही. उरलेल्या टाइलचा एक बॉक्स आणि रंगाचा एक छोटा डबा घरातच ठेवा. सहा महिन्यांनी न बोलावता एक चक्कर मारा, एका ऋतूतून गेलं की शटर थोडी उतरतात, बिजागरं फिरवून द्यावी लागतात, पंधरा मिनिटांचं काम असतं.

फोटोग्राफीची परवानगी करारातच घेतलेली असू दे, घराचा पत्ता आणि माणसांची नावं न छापण्याच्या अटीसकट. शूटची घाई मात्र करू नका. लोक महिना-दोन महिने राहिले, पुस्तकं आली, खुर्ची खिडकीकडे सरकली, की मग फोटोग्राफर बोलवा, आणि तो आल्यावर क्लायंटने सरकवलेली ती खुर्ची परत जागेवर लावू नका.